शेवटच्या गल्लीपर्यंत

४ मार्च

आज कितीतरी दिवसांनी उठून वेणी घातली. घेतलं काम! सेवाभाव वगैरे काही नाही—वहीशी तरी खोटं कशाला? आईनेच बातमी आणली: निर्वासितांच्या या वस्तीत आरोग्यसेविका हवी आहे, आणि आरोग्यसेविकेला कुठल्याही घरात शिरता येतं. बस्स, तेवढ्यासाठी.

सीमा ओलांडताना मी पुढच्या ट्रकमध्ये होते, आई नि धाकटी बहीण मागे चालत. आई चार दिवसांनी एकटीच आली. गर्दीत हात सुटला म्हणाली. आठ महिने झाले. नोंदणी कचेरीत धाकटीचं नाव नाही, पण नाव न नोंदवलेली माणसं इथे ढिगाने आहेत. चौदा गल्ल्या. एकेक दार बघणार.

९ मार्च

पिशवीत वजनकाटा, जुलाबावरच्या पुड्या, बाळांचा दंड मोजायची रंगीत पट्टी. लाल आलं तर मूल फार वाळलंय, दवाखान्यात न्यायचं. मी पट्टी गुंडाळते आणि डोळे बाळाच्या आईच्या खांद्यावरून आत. एकोणीस वर्षांची, डाव्या भुवईत खोक पडल्याची खूण—आहे का कोणी? नाही. पुढचं दार.

१७ मार्च

दुसरी, तिसरी गल्ली. नाही.

२ एप्रिल

शिंप्याच्या बायकोने तोंडावर दार लावलं. बाळ लाल पट्टीत, तरी तोरा केवढा! आम्हाला कुणाचे उपकार नकोत म्हणे. मी पायरीवर ठाण मांडलं. खरं तर तिच्या मागे एक मुलगी केर काढताना दिसली होती. तासाभराने दार उघडलं. मुलगी तिची नणंद निघाली. इतका संताप आला! तरी बाळाला दवाखान्यात पोहोचवलं. एवढा वेळ घालवलाच होता.

२० एप्रिल

सातवी संपली. पाय सुजलेत. आई रोज पिशवी भरून दारात उभी—"जा, बघून ये." परतले की खोदून खोदून विचारते, कुणाचं मूल कसं आहे, कोण औषध घेत नाही. धाकटीचं विचारत नाही. धीर होत नसेल.

११ मे

शिंप्याचं बाळ पट्टीवर लालमधून पिवळ्यात आलं, सुधारतंय. शिंपिणीने माझे हात धरले, सोडेचना. सुपरवायझर बाई म्हणाल्या, तुमच्या हाताला गुण आहे. मला काहीच वाटलं नाही. दगड झालेय. लोकांची लेकरं बाळसं धरतायत आणि माझी बहीण कुठे उपाशी असेल, कोण जाणे.

२९ मे

तेरावी. नाही.

३ जून

चौदावी गल्ली. शेवटची अकरा घरं. नाही, नाही, कुठेच नाही.

वस्ती संपली. नळापाशी बसून ढसाढसा रडले. बायका बादल्या घेऊन वळसा घालून गेल्या, एकीने तेवढं पाणी दिलं. उद्या पिशवी परत करणार. आता कशासाठी हिंडू? आईला तसं सांगितलं. ती भांडी घासत राहिली.

४ जून

सकाळी आईने पिशवी भरली नव्हती. मला समोर बसवलं. म्हणाली, "धाकटी वाटेतच गेली गं. जुलाब थांबेनात. या हातांनी माती दिली मी तिला."

मग मला तीन महिने दारोदार का फिरवलंस, म्हटलं.

"तू अंथरुणातून उठत नव्हतीस."