विहिरीवरची आठवी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
६ मे २०२५

ती. आत्यास,
अवंतिकाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून दूध घालायला आलेल्या विजयदादाच्या हाती हे पत्र देते आहे. पोटातलं बाळ ठीक आहे, पण डॉक्टर मला अजून अंथरुणातून उठू देत नाहीत. मोहित कामासाठी चेन्नईला गेलाय. अंतरा सुट्टीला तुझ्याकडे आहे म्हणून निवांत होते. दादाच्या म्हशीच्या रेडीला ती ताई म्हणते हे ऐकून तर खूप हसले.

पण काल फोनवर म्हणाली, दुपारी मळ्यातल्या विहिरीवर खेळते. कुणाबरोबर विचारलं, तर म्हणे बायका येतात. ओले केस, हिरवी लुगडी, आणि पाण्यातून वर आल्या तरी पायरी कोरडीच राहते. आत्या, त्या विहिरीला कठडा नाही. तू तिला कसल्या गोष्टी सांगतेस? सात वर्षांची पोर सगळं खरं मानते. तिला तिकडे फिरकू देऊ नकोस.

तुझी माया आहेच, ती राहू दे.
तुझी अवंतिका

गडमुडशिंगी
७ मे २०२५

चि. सौ. अवंतिकास,
धोंडुबाई आत्याचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. पडून ऱ्हा, उगं घरभर हिंडू नकोस. पोरीला मी एक अक्षर सांगितलेलं न्हाय, अंबाबाईची शपथ. त्या बायका म्हंजे आसरा, पाण्यातल्या साती जणी. जांभळाखाली त्यांचे दगड हायत, माझी आई दर अवसेला हळदकुंकू वाहायची. लहानपणी मलाबी एकदा दिसल्या होत्या, केस वाळवत बसलेल्या. आईनं फरफटत घरी आणलं होतं मला.

पण अंतरा म्हणत्या, आठ जणी हायत. आठवी बारकी पोर, परकर-पोलक्यातली, डाव्या भुवईत खोक पडलेली. ते ऐकून माझ्या हातातनं भाकरी पडली. ती माझी थोरली बहीण शेवंता. नऊ वर्षांची असताना त्याच विहिरीत गेली. तुझा बाप तवा जन्मलाबी न्हवता. आसरांनी तिला आपल्यात ठेवून घेतलं असं आई म्हणायची. मग घरात तिचं नावच बंद झालं. ती खोक आता माझ्याबिगर कुणाला ठावं न्हाय.

उद्या दुपारी अंतराला घेऊन मी विहिरीवर जाणार हाय. मला शेवंताशी बोलायचंय.

रागावलीस तरी आत्याला टाकू नकोस.
धोंडुबाई

मंगळवार पेठ
८ मे २०२५

ती. आत्यास,
घाईत नमस्कार.

दादा पत्र दारात देऊन गेला, आता फोन उचलत नाही. म्हणून माझी नणंद क्रांती स्कूटरवरून हे घेऊन येतेय. अंतराला तिच्याबरोबर लगेच पाठव. शेवंताचं वाचलं. पण आत्या, त्या विहिरीनं घरातली एक पोर आधीच घेतली आहे. माझी तिथे नेऊ नकोस. हात जोडते. मला इथून हलतासुद्धा येत नाही.

अवंतिका

गडमुडशिंगी
८ मे, दुपार

चि. सौ. अवंतिकास,
आशीर्वाद.

आधी सांगतो, पोर धडधाकट हाय. क्रांती ओसरीवर च्या पितीया, तवर लिहितो.

ती आली तवा आमी विहिरीवरच होतो. जुन्या लुगड्याचं एक टोक अंतराच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या, आन् वरच्या पायरीवर बसलो. पाण्यात ओटी सोडली. मला काय दिसलं न्हाय. पाणी हिरवंगार, गप. अंतरा मातर खाली बघून हसाय लागली. मी म्हटलं, त्या पोरीला सांग, धोंडी आलीया. अंतरानं जरा कान दिला आन् म्हणाली, आजी, ती म्हणत्या धोंडी तर एवढीशी हाय, ही म्हातारी कोण?

मी म्हटलं, सांग, मीच की. वाढलो.

तेवढ्यात पोर उठली आन् खाली उतराय लागली. शेवाळावर पाय सरकला, लुगडं ताणलं. मी जीव खाऊन मागं वडली तिला. कमरेला वळ उठलाय, तेल लावलंय. तू काय बी बोललीस तरी मी ऐकून घेईन.

पोटाशी धरली, तर माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, ती इचारत्या, धोंडीचा ताप उतरला का?

अवंतिका, त्या दिवशी मी तापानं फणफणलोतो. माझ्या कपाळावर पट्टी ठेवाय गार पाणी आणते म्हणून शेवंता तांब्या घेऊन गेलती. हे आईलाबी ठावं न्हवतं. आजवर कुणापाशी बोललो न्हाय.

म्हटलं, उतरला म्हणून सांग. अंतरानं सांगितलं. मग म्हणाली, गेल्या सगळ्या, मला भूक लागलीया.

विहिरीवर जाळी टाकून घेतो. पोर तुझ्या हवाली.

जिवाला जप.
आत्या

मंगळवार पेठ
९ मे २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अंतरा पोचली. वळ बघून मी रडले, तुला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. मग तुझं पत्र वाचलं. अंतराला मी काही विचारलं नाही. ती माझ्या कुशीत झोपली आहे.

जाळी बसली की तू इकडे ये. ती विहीर मी जन्मात बघणार नाही. पण शेवंता कशी हसायची, काय आवडीनं खायची, तुझ्याशी कशावरून भांडायची, ते सगळं मला सांग. मला आणखी एक आत्या होती, आणि मी तिला कधी हाकसुद्धा मारली नाही.

वाट बघते आहे.
तुझी अवंतिका