साध्या पत्र्याचं चिलखत

आदरणीय दाजी,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरच मानून घ्यावा). तुमचा दवाखाना जोरात असेलच. लढाईच्या दिवसांत डॉक्टरांना आणि आम्हालाच काय ती उसंत नाही. ताईचा गुडघा आता काय म्हणतो?

तर आमच्या कारखान्यात चिलखती गाडीचा पहिला नमुना एकदाचा उभा राहिला. तोफ बसवली तर गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर निघेना. दार फोडून बाहेर काढली, तर चालकाला पुढचं काही दिसेना. म्हणून समोर फट पाडली, ती इतकी ऐसपैस झाली की बाहेरून आत चहाचा कप देता येतो. (जिथून चहा आत जातो तिथून गोळीही जाईल, असं मी बैठकीत बोललो. मला चहा सांगायला पाठवलं.)

खरा घोटाळा पुढेच आहे. चिलखताचं जाड पोलाद आलंच नाही, आणि सेनापतींची भेट तर ठरलेली. आमचे साहेब म्हणाले, तूर्त कपाटाचा पत्रा ठोका, वर रंग जाड द्या, नुसतं बघायलाच तर येतायत! पोलाद तपासायचं काम माझं. समोर 'चिलखत पास' असा कागद आला, मी बापडा सही करून मोकळा. सेनापती आले, गाडीवर थाप मारली आणि असे काही खूश झाले की शुक्रवारी तिच्यावर खऱ्या गोळ्या झाडून बघा म्हणाले. तेही चालक आत बसवून, म्हणजे जवानांना भरवसा वाटेल! साहेबांचं तोंड पांढरंफटक पडलं, पण त्यातून निघालं काय, तर "अवश्य!" आमचा चालक (त्याला सगळे गुलछबू म्हणतात) एवढा हरखलाय की फोटोसाठी मिशा कोरून आलाय. त्याला सांगणार कोण? साहेब म्हणतात, सही तुमची, तुम्हीच बघा.

बाकी सगळं ठीक. भाचरांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. : एक डॉक्टरी सर्टिफिकेट हवं होतं. चक्कर येते, बंद जागेत जीव घाबरतो, काय वाटेल ते लिहा, पण गुरुवारच्या टपालाने पोचू द्या.

ता. क. २ : माझ्या नावाचं नव्हे हो, गुलछबूच्या. खरं सांगायला दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा मिशांचं कौतुक करून परत आलो. लाज वाटते, दाजी.

ता. क. ३ : आत्ताच फळ्यावर सूचना लागली. चालक आजारी पडल्यास ज्याने चिलखत पास केलं तो आत बसेल. तेव्हा दोन पाठवा. माझा आजार जरा मोठा लिहा.