बाबांचा पडद्यावरचा एकटेपणा

प्रिय धाकट्या,

‘अजिबात चुकवू नयेत असे माहितीपट’ ही तुझी यादी मिळाली. पासवर्डही मिळाला. तो तू सगळ्या नातेवाइकांना एकदमच पाठवलास, मावशीनं तो शेजारणीला दिला, शेजारणीनं जावयाला. आता आम्ही काही लावायला गेलो की पडद्यावर सूचना येते, खूप लोक बघताहेत, थोड्या वेळानं या. तरी आम्ही चिकाटी सोडली नाही. मी औषधांच्या दुकानातून घरी आले की बाबा आणि मी चहा घेऊन बसायचो आणि एकेक संपवायचो. बाबांचा घसा बसलाय, त्यांना सध्या फार बोलायचं नाहीये, त्यामुळे ते सोयीचंच पडलं.

अभिप्राय कळव, असं तू लिहिलं होतंस. तर कळवते.

तुझी ती बर्फातली कोल्हीण. ती उपाशी आहे, पिल्लं उपाशी आहेत, आणि निवेदकाचा गळा दाटून येतो. महिनोन्महिने तिच्या मागे फिरणाऱ्या त्या माणसांच्या डब्यात काहीतरी असेलच की. बाबा म्हणाले, “अरे, एक पाव टाक तिच्यापुढे आणि मोकळा हो.” मग तो गिर्यारोहक. पोटुशी बायको खाली तंबूत, आणि हा वर ‘स्वतःला शोधतोय’. एवढ्या उंचावर जाऊन हरवला तरी कसा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. चिमट्यानं पानावर पान रचणारा तो आचारी तर मी अर्ध्यावर बंद केला. त्याच्या त्या ताटापेक्षा आमच्या दुकानातलं मलम जास्त भूक लावतं.

आणि घरातल्या सगळ्या वस्तू काढून टाकून सुखी झालेलं ते जोडपं! रिकाम्या खोलीत मांडी घालून दोघं जगाला शहाणपण शिकवतात. टाकलेलं सामान कुणाच्या दारात पडलं, ते मात्र दाखवत नाहीत. त्यापुढे तू ‘माझे डोळे उघडले’ असं लिहिलंयस. तू जाताना ठेवून गेलेली सायकल, व्यायामाची वजनं आणि पुस्तकांची खोकी माझ्या पलंगाखाली आहेत. झाडू मारताना माझे डोळे केव्हाच उघडलेत.

माझी शिफारस हवी असेल तर एकच सांगते. तुझ्या यादीत नाही, मीच शोधला. मालवाहू बोटीवरच्या एका स्वयंपाक्याचा आहे. तो कांदा चिरतो, बोट हलते, तो थांबतो, पुन्हा चिरतो. कुणी रडत नाही, मागे सारंगी वाजत नाही. बाबा शेवटपर्यंत जागे होते. बघ जमलं तर. तुला कंटाळाच येईल म्हणा, त्यात कुणाबद्दल वाईट वाटून घ्यायची सोय नाहीये.

आता तुझा सगळ्यांत लाडका माहितीपट, बाबांच्या काच कारखान्याचा. भट्टी कायमची विझवली त्या दिवसांवरचा. तुझ्या दृष्टीनं हा ‘आपल्या घरचा अभिमान’. त्याचं चित्रण झालं तेव्हा तू इथं नव्हतास, म्हणून सांगते.

दिग्दर्शक म्हणजे ऐन उन्हाळ्यात मफलर घालणारा एक गृहस्थ. त्याला बाबा फार आवडले, कारण बाबांचा आवाज. भट्टीचा धडधडाट कापून पलीकडच्या टोकाला ऐकू जाणारा. उगाच नाही त्यांना सगळे भोंगा म्हणायचे. बाबाही हुरळले. केसांना कलप लावला, तर मफलरवाला हिरमुसला. त्याला पांढरे केस हवे होते! दुसऱ्या दिवशी बाबांना टोपी घालून बसवलं. मग तो आपल्या स्वयंपाकघरात आला, दिवा बंद केला, एक खुर्ची सोडून बाकीच्या बाहेर काढल्या, आणि बाबांना जेवायला बसवलं. मी ओट्यापाशी पोळ्या करत होते. तो मला अगदी गोड आवाजात म्हणाला, “ताई, तुम्ही जरा दिसणार नाही अशा उभ्या राहता का?” मी दाराआड उभी राहिले. हातात लाटणं, तव्यावर पोळी करपतेय, आणि समोर माझे वडील एकाकी म्हातारा म्हणून जेवताहेत.

त्यांचे अश्रूही भट्टीसाठी नाहीत, हे तरी तुझ्या लक्षात यायला हवं होतं. मफलरवाल्यानं सहज विचारल्यासारखं आईचं दुखणं विचारलं. बाबा बोलता बोलता फुटले. माहितीपटात त्यांचं बोलणं काढून टाकलंय, नुसता चेहरा ठेवलाय, आणि पुढच्याच क्षणी विझणारी भट्टी. आईचं जाणं कारखान्याच्या कौलांखाली गाडलं त्यानं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाबा म्हणाले, “मी एकटा कधीपासून राहायला लागलो? ही पोरगी कुठं गेली?” आणि मग इतके हसले की ठसका लागला. मला हसू आलं नाही.

पण मफलरवाल्याला मी माफ करते. तो परका. त्याचं पोट त्यावर आहे. तू काय लिहिलंस ते आठव. ‘बाबांचा एकटेपणा पाहून ढसाढसा रडलो. प्रत्येक मुलानं पाहावा.’ पुढे पाच चांदण्या. मावशीनं लगेच हात जोडलेलं चित्र टाकलं. अरे, तू याच घरात वाढलास ना? दाराआड कोण उभं असेल, एवढंही सुचलं नाही तुला? माझं सोड. पडद्यावरच्या बाबांसाठी तू रडलास, आणि खरे बाबा फोनच्या पलीकडे बसलेले. त्यांना फोन करायला तुला वेळ नाही. एखादं कडाक्याचं भांडण झालं असतं तर मी समजून घेतलं असतं. तसंही काही नाही. नुसता आळस. आधी रविवारी फोन यायचा, मग निरोप, मग सणावारासारखं उगवणारं ते अंगठ्याचं चित्र. एवढ्या स्वस्तात आपल्याला हळवं मन आहे असं समजणारी माणसं मी औषधाच्या दुकानातसुद्धा पाहिली नाहीत, आणि तिथं तऱ्हेतऱ्हेची येतात.

हे सगळं मी एरवी गिळलं असतं. आजवर गिळतच आले. पण बाबांचा घसा साधा बसलेला नाही. गाठ आहे. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया आहे आणि स्वरयंत्र काढावं लागणार आहे. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात, त्यांच्यावर माझा विश्वास आहे. नंतर यंत्र लावून बोलता येतं म्हणे, पण तो आवाज यंत्राचा. डॉक्टरांनी सांगितलंय, ज्यांच्याशी बोलायचंय त्यांच्याशी आत्ता थोडं थोडं बोलून घ्या. बाबांनी भट्टीवरच्या दोस्तांना बोलावलं, मावशीशी भांडून घेतलं, मला ‘तू फार खारट करतेस’ हे शेवटचं म्हणून तीनदा सांगून झालं. तुला कळवायला त्यांनी बंदी केली होती. “त्याला कामं असतात,” म्हणाले. पण काल दुपारी मी लवकर घरी आले, तर फोन मांडीवर घेऊन बसले होते आणि हळू आवाजात म्हणून बघत होते, “हां, बोल रे बाळा. कसा आहेस?” मला पाहिल्यावर घसा साफ केल्याचं सोंग केलं. तर फोन कर. हे वाचून होईल तेव्हा, लगेच. तुझी बाजू मांडू नकोस, आणि रडू तर अजिबात नकोस. त्यांना बोलू दे.

चिडलेली, तरीही तुझीच,
ताई