शेवटच्या कडव्यातलं नाव

राजरत्नमामा,
सप्रेम जय भीम.

तुझ्या गाण्याचं शेवटचं कडवं मी घाईत गाळलं की मुद्दाम? खरं सांगते, याचं उत्तर मला देता येत नाही. रेकॉर्डिंग करताना एवढंच वाटलं, की आमच्या पंक बँडच्या तीन मिनिटांत ते बसत नाही. भीमगीतं गाणाऱ्या गायन पार्टीचा कवी शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो, हे घरातल्या पहिल्या पदवीधर बाईंना, म्हणजे मला, आठवलं नाही!

आता ते गाणं ऑनलाइन चार्टवर तिसरं आहे. वडाळ्याची नवी पोरं तुझा ढोलकीचा ठेका गिटारवर घेतात. गाण्याखाली नाव मात्र फक्त आमच्या बँडचं.

तू फोनवर म्हणालास, "कवीचं नाव कापतेस होय गं? आणि वर हा गोंगाट!"

गोंगाटाची माफी मी मागणार नाही. काळाचौकीत तू भोंगे लावून गायचास, तेव्हा समोरच्या इमारती खिडक्या लावून घ्यायच्या. तू आवाज कमी केलास का? माफी मागायची नाही, म्हणूनच हे पत्र पाठवत नाही. तुला ते माफीपत्र वाटेल.

नावाचं मात्र तुझं खरं आहे. गाणं ऑनलाइनवरून काढून टाकते म्हटल्यावर आमचा ड्रमर अनिश ओरडला, "येडी झालीस काय? तिसऱ्या नंबरवरचं गाणं कोण उतरवतं? परत शून्यापासून सुरुवात!"

"होऊ दे," मी म्हटलं.

आज सकाळी मी ते गाणं उतरवलं आणि तुझ्या नावाच्या कडव्यासह नव्यानं गायलेलं लावलं. आत्ता ते कुठल्याच नंबरवर नाही.

तुझी भाची,
संघमित्रा