पुलावरच्या लॉरीची व्यवस्था

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे (आता निवृत्त), असे लिहून ठेवते की माझे गुडघे गेले असले तरी डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणू शकेल असे माणूसच आता घरात उरलेले नाही. याआधीचे माझे मृत्युपत्र अर्ध्या पानाचे होते. ते मी रद्द करते. ते लिहिणाऱ्या बाईला आपल्या संसाराची निम्मी हकिकतसुद्धा ठाऊक नव्हती.

१. राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते थोरला आणि धाकटी या माझ्या दोन्ही मुलांना सारखे मिळावे. थोरला फोनवर म्हणतो, सगळे धाकटीला देऊन टाक. त्याचा चांगुलपणा मला समजतो, पण भावाबहिणीत उपकाराची भाषा नको. दोघांनी घ्यावे आणि गप्प बसावे.

२. मेणाच्या सुऱ्या, कानशी, हाताचे ड्रिल, कवळी दाताला अडकवायच्या आकड्यांच्या तारेची रिळे आणि उरलेले प्लास्टर दवाखान्यात माझ्या जागी आलेल्या मुलीला द्यावे. तिच्या कवळ्या दिसतात सुरेख, पण त्यांनी चावता येत नाही. हत्यारे चांगली मिळाली तर सुधारेल.

३. लोखंडी कपाट नणंदेला द्यावे. ते तिच्या आईचे आहे असे ती लग्नापासून ऐकवत आली. ते माझ्या पहिल्या पगाराचे आहे. मागच्या मृत्युपत्रात मी ‘तिला हातही लावू देऊ नये’ असे घातले होते. आता त्या भांडणात माझा जीव राहिलेला नाही. घेऊन जाऊ दे.

४. कामाच्या टेबलावरचा युद्धाचा देखावा. याची व्यवस्था सांगण्याआधी तो कसा घडला ते सांगणे भाग आहे. मुलांनो, हे तुम्हाला इथेच पहिल्यांदा कळणार आहे. तोंडी सांगावे म्हणून मी कितीदा फोन लावला आणि हवापाण्याचे बोलून ठेवून दिला.

तुमचा मामा, माझा दादा, लष्करात लॉरी चालवायचा. तुमचे बाबा त्याच आघाडीवर पूल बांधणाऱ्या आणि पाडणाऱ्या पथकात होते. दोघांची जिवाभावाची मैत्री. युद्ध संपले तेव्हा दादाची ट्रंक घेऊन तेच आमच्या दारात उभे राहिले. त्यांनी आईला सांगितले, लॉरी पुलाशी पोहोचण्याआधीच पलीकडच्या रस्त्यावर तोफेचा गोळा लागला, त्याला काही कळलेसुद्धा नसेल. “मी या काठावर होतो. मी हात वर केला, त्याने मला पाहिलं,” असे ते म्हणाले. आई हे वाक्य त्यांच्याकडून परत परत वदवून घ्यायची. जावई त्यांना नंतर केले. मुलगा तिने त्याच दिवशी करून टाकले होते.

हे गेल्यावर माळा आवरताना थोरल्याच्या शाळेच्या दिवसांतले लॉरीचे किट सापडले. दुधाच्या टाकीची लॉरी, अर्धवट जोडलेली, डिंकाचे ओघळ तसेच. प्लास्टिक पिवळे पडून इतके ठिसूळ झाले होते की हातात घेताच एक आरसा तुटला. तो आरसा दुरुस्त करता करता मला वाटले, यातून दादाची लॉरी होईल. हात रिकामे होते आणि घर फार शांत झाले होते.

टाकी करवतीने कापून काढली. मागचा हौदा आइसक्रीमच्या काड्यांचा केला. जखमेवरच्या पट्टीचे जाळीदार कापड पातळ प्लास्टरमध्ये बुडवून ताडपत्री केली आणि दादाच्या फोटोत लॉरीच्या ताडपत्रीला होते तसे ठिगळही लावले. आकड्यांच्या तारेचा पूल, प्लास्टरचे काठ, वाळवलेल्या चहाच्या चोथ्याचा चिखल. माणसे मेणात कोरून मग कवळीसारखी ओतून घेतली. हे म्हणायचे तसेच सगळे मांडले: लॉरी पलीकडच्या रस्त्यावर, पूल अखंड, अलीकडच्या काठावर एक हात वर केलेले हे. चेहरा मी शांत केला होता. मला तो फार साधला असे वाटत होते.

यांच्याबरोबरचा वायरलेसवाला अधूनमधून घरी यायचा. देखावा माजी सैनिकांच्या हॉलमध्ये ठेवावा अशी त्याचीच कल्पना. तो पाहायला आला, चहाचा कप हातात घेऊन टेबलाभोवती फिरला आणि थांबला.

“वहिनी, पूल उभा का ठेवलात?”

पुलाला काय झाले होते, असे मी विचारले. तो खुर्ची ओढून बसला. “त्यांनी तुम्हाला कधीच सांगितलं नाही?”

त्याने जे सांगितले ते असे. आपली माणसे माघार घेत होती. शेवटची तुकडी अलीकडे आली की पूल उडवायचा होता. दादा एकदा जखमींना अलीकडे आणून उरलेल्यांसाठी परत पलीकडे गेला होता. तो येताना दिसला तेव्हा शत्रूच्या गाड्या त्याच्या मागे लागल्या होत्या. अलीकडच्या काठावर स्ट्रेचरची रांग होती, पळता न येणारी माणसे होती. सुरुंग उडवायच्या दांड्यापाशी हे होते. हुकूम वायरलेसवर आला. यांनी परत विचारायला लावले, आपली एक लॉरी अजून पलीकडे आहे, तरी उडवायचा का. उत्तर तेच आले. ताडपत्रीच्या ठिगळावरून लॉरी कोणाची ते यांनी ओळखले होते. हे उभे राहिले, दोन्ही हात वर करून ओरडू लागले, मागे फिर, उडी मार. दादाला वाटले, दोस्त बोलावतो आहे.

“लॉरीचा वेग वाढला, वहिनी,” वायरलेसवाला म्हणाला. “ती पुलावर आली. मग ते खाली वाकले आणि त्यांनी दांडा दाबला.”

त्या क्षणी मला काय सुचले? त्याच्या हातातला कप देखाव्यावर सांडेल म्हणून मी तो काढून घेतला आणि मोरीत नेऊन धुतला. धुतलेला कप परत धुतला. बाहेर आले तर तो तसाच बसलेला. मी म्हटले, तुम्ही आता जा.

मग बरेच दिवस देखाव्यावर चादर टाकून ठेवली. भाजी आणत होते, दार उघडत होते, पण कोणी काही विचारले की उत्तर द्यायला वेळ लागायचा. या माणसाच्या शेजारी मी जन्म काढला. आईच्या शेवटच्या आजारात तिला उचलून बसवणारे हेच. आणि मग एकदम आठवले की या माणसाने आम्हाला कधी हात हलवून निरोप दिला नाही. स्टेशनवर गाडी सुटली की मुले हात हलवायची आणि हे दोन्ही हात खिशात घालून उभे असायचे. मी त्यांना तुसडे म्हणायचे. चारचौघांत म्हणायचे.

माझ्याशी लग्न मन बसले म्हणून केले, की भरपाई म्हणून? हे कोणाला विचारू? वायरलेसवाल्याला विचारले. तो म्हणाला, “मला ठाऊक नाही. हुकूम मीच त्यांच्या कानावर घातला, वहिनी, पण त्याबद्दल आम्ही दोघं परत कधी बोललो नाही.”

शेवटी चादर काढली. लॉरी रस्त्यावरून उचलून पुलाच्या मधोमध आणली. यांचा एक हात कापून दोन नवे केले. शांत चेहरा कापून टाकताना सुरी चालेना. उघडी तोंडे मी जन्मभर पाहिली, मापे घेतली, पण हे एक उघडे तोंड करायला माझा सगळा उन्हाळा गेला. पूल उभाच ठेवला आहे. पाडलेला पूल करायला सोपा होता, पण मला दादा हवा होता.

हा देखावा माजी सैनिकांच्या हॉलला द्यावा. हॉलचे सेक्रेटरी त्यावर शौर्याची पाटी लावू म्हणतात. ती लावू नये. मी सांगते तेवढेच लिहावे: ‘लॉरीत माझा भाऊ. काठावर माझा नवरा. दोघांनी एकमेकांना ओळखले आहे.’ हे मान्य नसेल तर देखावा धाकटीकडे राहावा.

५. यांचा फोटो मी भिंतीवरून काढून कपाटात ठेवला आहे. परत लावायचा की नाही, माझे काही ठरत नाही. रोज कपाट उघडते आणि बंद करते. माझ्यामागे तुम्ही दोघे ठरवा आणि त्यावरून भांडू नका. मी त्यांना माफ केले का, असे कोणी विचारले तर सांगा की आईला अजून धक्काच बसलेला होता, तिथपर्यंत ती पोचली नव्हती.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी धाकटीने करावी.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचून पाहिला आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

स्थळ: राहते घर, कामाचे टेबल
दिनांक: आज, सोमवार, सकाळी
सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचे औषधवाले. मजकूर वाचला नाही, सही करताना पाहिले.

साक्षीदार दुसरा: वायरलेसवाला. याला फक्त सहीपुरते बोलावले होते. त्याने सगळा कागद बसून वाचला आणि सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले, ते मी तसेच ठेवते: ‘कलम चार खरे आहे. हुकूम माझ्या तोंडून गेला. त्यांनी हुकूम तीनदा विचारून घेतला होता, मी वहिनींना एकदाच विचारल्याचं सांगितलं.’