ब्रेक दाबून धरायचा

१५ ऑक्टो., बुधवार. सातारा

आज ट्रॅकवर जे झालं ते, क्रमाने:

१. ओल्या पट्टीवर गाडी ताशी साठने न्यायची होती. नेली.
२. झेंडा पडला की पूर्ण ब्रेक आणि डावीकडे वळण, असं आधी सांगितलं होतं. मला समजलं होतं.
३. झेंडा पडला.
४. मी ब्रेक दाबला, सोडला, दाबला, सोडला, दाबला.
५. गाडी वळली नाही. प्लास्टिकच्या शंकूंची रांग आडवी करून पुढे जाऊन थांबली.
६. कोणालाही लागलं नाही. गाडीलाही नाही.
७. शेजारी बसलेले इनामदार सर (प्रशिक्षक) म्हणाले, "मॅडम, हवा भरताय का?" मागच्या सीटवरचे दोघे हसले.
८. मग त्यांनी विचारलं, "कुणी शिकवलं चालवायला?"
९. मी उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्या फेरीला सर म्हणाले, "पाय माझा आहे असं समजा आणि विसरून जा." दाबून धरला. पेडल पायाखाली थरथरलं, खालून कर्रर्र आवाज. पाय उचलावासा वाटला. उचलला नाही. गाडी डावीकडे वळली आणि थांबली, इतकी सहज की मला राग आला.

१६ ऑक्टो., गुरुवार

कालचं लिहिलं, परवाचं राहिलं. परवा कारखाना दाखवला. आमच्यासारख्या सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांतले बाराएक जण होतो. शिरवळच्या अलीकडे, हायवेला लागून. एक दिवस कारखाना, एक दिवस त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल. हेतू हा की आपला भाग गाडीत काय करतो ते आम्ही स्वतः बघावं.

आमचा भाग म्हणजे चाकाबरोबर फिरणारी दातेरी कडी. तिचे दात मोजून गाडीला कळतं, चाक फिरतंय की अडकलंय. अडकू लागलं की ब्रेक आपोआप सुटतो आणि पुन्हा धरतो, कुठल्याही माणसाच्या पायापेक्षा जलद. यालाच एबीएस. म्हणून माणसाने फक्त दाबून धरायचं. एवढंच काम.

नोकरीला लागल्यापासून मी त्या कड्या तपासते. आणि काल मीच...

लाइनच्या शेवटी प्रत्येक गाडी रोलरवर चढवून ब्रेक तपासतात. तिथला माणूस पेडलवर उभा राहिल्यासारखा बसलेला. पेडल थरथरत होतं आणि तो शेजारच्याला सांगत होता की यंदा चिवड्यात खोबरं करपलं. पाय जराही हलत नव्हता.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहिते. आण्णांनी. माझे वडील. सैन्यात ट्रक चालवला, निवृत्त झाल्यावर तासगावात मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं. त्यांचा पहिल्या दिवसाचा धडा सगळ्या तालुक्याला पाठ आहे: "ब्रेक म्हंजी म्हशीची धार काढणं. दाब, सोड. दाब, सोड. वडून धरलंस की लाथ बसती."

२१ ऑक्टो., मंगळवार. तासगाव

लक्ष्मीपूजन. दुपारच्या एसटीने आले. आण्णा अंगणातच होते.

"कारखाना कसा हाय?"
"स्वच्छ."
"आन् गाडी चालवाया दिली व्हय?"
"दिली."
"कशी चालवलीस?"
"बरी."
"बरी म्हंजी? माझी पोरगी हाय, तिथल्यांना धडा दिला आसशील."

मी हातपाय धुवायला गेले.

उद्या पाडव्याला सारिका वहिनीची नवी गाडी येणार. दादा सैन्यात, सध्या आसामकडे. वहिनी सांगलीला एका दवाखान्यात नर्स आहे. आजवर एसटीने जात होती. आता सकाळची पाळी पहाटे सुरू होणार, त्या वेळेला एसटी मिळत नाही. लायसन्स आहे. आण्णांच्या स्कूलच्या जुन्या गाडीवर हात बसलाय. १७ नोव्हेंबरपासून एकटी जाईल. तोवर आण्णा शेजारी बसणार.

२२ ऑक्टो., बुधवार. पाडवा

गाडी आली. पांढरी. आईने ओवाळलं. मग पहिली फेरी.

आमच्याकडे नवी गाडी घेतली की पहिली फेरी आण्णांच्या हातची, असा रिवाज पडलाय. घरचीच नाही, गावातली, शेजारच्या गावातलीही. मालक मागे बसतो. आण्णा चालवतात, ऐकतात, एकदा कडक ब्रेक मारून बघतात आणि निकाल देतात. निकालाआधी पेढा कोणी खात नाही.

वहिनी आणि मी मागे. बेदाण्याच्या शेडपलीकडच्या खडीच्या रस्त्यावर आण्णांनी ब्रेक मारला. कर्रर्र. त्यांनी चटका बसल्यासारखा पाय उचलला.

"ह्यो ब्रेक थरथर कापतोय."
"आण्णा, तो एबीएस आहे. तसाच वाजतो."
"कापणारा ब्रेक कवा चांगला आस्तो व्हय? आन् गाडी फुडं किती गेली बघितलीस?"

तीही बरोबरच गोष्ट. सुट्या खडीवर एबीएसची गाडी थोडी जास्त पुढे जाते. ओल्या डांबरावर नाही. दोन्ही सांगायचं होतं. पहिलंच सांगितलं असतं तर दुसरं कोणी ऐकलं नसतं. म्हणून काहीच सांगितलं नाही. सणाचा दिवस.

निकाल: "गाडी झ्याक. ब्रेकचं बघतो मी."

२३ ऑक्टो., गुरुवार. भाऊबीज

दादाला फोनवरच ओवाळलं. फोन भिंतीला टेकवून ठेवला होता, तो घसरला. वहिनी म्हणाली, "बघा, ओवाळणी द्यायच्या आधीच पळालं."

मग गाडीत पाणी ठेवायला गेले. चावी फिरवली तर समोर पिवळा दिवा. एबीएस बंद असल्याचा.

वहिनी: "आण्णांनी सकाळीच पोपट मिस्त्रीकडनं नीट करून आणली, वन्सं. आता आवाज न्हाई. दिव्याकडं बघू नको म्हणालेत."

चालत पोपट मिस्त्रीकडे गेले. त्याने खिशातून फ्यूज काढून तळहातावर ठेवला. नखाएवढा.

"ह्यो काढला की ब्रेक सरळ लागतो ताई. पयल्यासारखा."
"कुणी सांगितलं काढायला?"
"आण्णांनी. दुसरं कोण सांगणार?"
"अशा किती गाड्यांचे काढलेत?"
"मोजल्यात व्हय? आण्णांनी आणल्या त्येवढ्यांचं. लोक खुश हायती."

फ्यूज घेऊन आले.

२४ ऑक्टो., शुक्रवार

बोलले. मळ्यात, द्राक्षाच्या ओळीत. तिथे ते कमी ओरडतात.

कडी, दात, चाक, सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. यंत्राची गोष्ट ते नेहमीच नीट ऐकतात. मग म्हणाले, "म्हंजी दाब-सोड मशीन करतंय."
"हो."
"मग मी चुकीचं न्हाईच शिकवत. मशीन माझंच शिकलंय."

हसू आलं. पण ते हसत नव्हते.

"लडाखला बर्फावर दाबून धरला आसता, तर तू झालीच नसतीस. माझ्या फुडचा ट्रक खाली गेला. त्येनं दाबून धरला हुता."

त्या ट्रकमध्ये दाब-सोडच बरोबर. स्कूलच्या जुन्या गाडीतही. चूक माणसाची नाही, गाडी बदलली आहे. हे मला येतं तितक्या चांगल्या शब्दांत सांगितलं. त्यांनी द्राक्षाचं एक पान उलटून बघितलं, करपा रोग आहे का म्हणून.

"मशीन बंद पडलं तर? पाय तर आपलाच हाय न्हवं?"

घरी आल्यावर त्यांच्यासमोरच फ्यूज बसवला. दिवा गेला. मला वाटलं, झालं.

२५ ऑक्टो., शनिवार

दिवा पुन्हा लागलाय.

२६ ऑक्टो., रविवार

वहिनीशी बोलले, भांडी विसळताना. मी सगळं समजावलं. तिला समजलं, एकदाच सांगून. ती म्हणाली, "आमच्याकडं पण नव्या सुया आल्या की जुन्या सिस्टर म्हणत्यात, आमची जुनीच बरी."
"मग तू दाबून धरशील?"
"आण्णा शेजारी बसत्यात. मी धरून ठेवलं की माझ्या गुडघ्यावर टिचकी मारत्यात. सोड म्हणून."
"आण्णा नसताना?"
"वन्सं, तवा विचार करायला येळ आसतो व्हय? जे अंगात बसलंय तेच हुतंय. तुमचं पण तेच झालं की तिकडं."

तिला ट्रॅकवरचं मी काल सांगितलं होतं. घरात फक्त तिलाच.

मग ताट पुसत म्हणाली, "तुमी दोघं आधी ठरवा. माझा उजवा पाय एकच हाय."

ती बरोबर आहे. मी चोरून फ्यूज बसवू शकते. पण पेडल थरथरलं की ती पाय उचलणार, मी उचलत होते तशीच. आणि पाय उचलायला शिकवणारा माणूस अजून तीन आठवडे रोज शेजारी बसणार. फ्यूज आण्णांनीच बसवायला हवा. दाबून धर हेही त्यांनीच म्हणायला हवं. दुसऱ्या कोणाचं तिच्या पायाला ऐकू येणार नाही.

संध्याकाळच्या गाडीने सातारा.

२ नोव्हें., रविवार. सातारा

सकाळी आईचा फोन. आण्णा आणि वहिनी रोज फेरी मारतात. दिवा चालूच.

आण्णांना फोन दे म्हटलं. मागून आवाज ऐकू आला, "तिला सांग, मी पंपावर हाय." ते घरातच होते. तंबाखूची डबी वाजली.

उसाचा हंगाम लागलाय. परवा कामानिमित्त कराडला गेले, तर मलकापूरच्या वळणावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मधेच उभा, मागे दिवा नाही. चालक खाली उतरून सांडलेला ऊस गोळा करत होता. आमच्या एसटीने ब्रेक मारला, सगळे पुढे आदळले. कंडक्टर खिडकीतून ओरडला, "आरं गड्या, मागं कंदील तरी टांग!" तो म्हणाला, "दिसतोय की येवढा मोठा!" लोक हसले.

तासगाव-सांगली रस्त्यावर असे रोज असतात. पहाटे जास्त. चिरडलेल्या उसाची चिपाडं पडलेली, त्यावर दव. वहिनी त्यातून जाणार.

४ नोव्हें., मंगळवार

कंपनीत कड्यांची नवी खेप. एका कडीचा एक दात आखूड, नजरेला दिसणारही नाही एवढा. बाजूला काढली. सुपरवायझर म्हणाला, "एवढ्याने काय होतंय?" मी मोजमाप दाखवलं, त्याने सही केली. एक मिनिट लागलं.

घरी मोजमाप चालत नाही. सबंध तालुका ज्याच्या हाताखाली चालवायला शिकला, त्याला त्याचीच मुलगी सांगते की तो धडा सोडून दे. मी त्यांच्या जागी असते तर? मीही दिव्याकडे बघू नको म्हणाले असते कदाचित. ट्रॅकवर उत्तर दिलं नाही ते का, याचा आज विचार केला. आण्णांचं नाव घेतलं असतं तर मागच्या सीटवरचे ते दोघे त्यांनाही हसले असते. ते मला चाललं नसतं.

७ नोव्हें., शुक्रवार

इनामदार सरांना फोन केला. पहिल्यांदाच स्वतःहून. सगळं सांगितलं, नाव घेऊन: माझे वडील, सैन्यातले ड्रायव्हर, त्यांनीच मला शिकवलं.

त्यांनी विचारलं: "बर्फावर चालवलंय त्यांनी?"
"हो."
"मग त्यांना शिकायला नाही, दाखवायला बोलवा. आमच्या जुन्या ट्रेनिंग गाडीत एबीएस बंद करायचं बटण आहे. एकाच ओल्या पट्टीवर दोन्ही करू. ते त्यांच्या पद्धतीने, मी माझ्या. त्यांची पद्धत आमच्या पोरांनी बघितलेलीच नाही."
"आणि ते पटले नाहीत तर?"
"मॅडम, मी पण कुणाचा तरी बाप आहे. पटेलच असं सांगत नाही."

शनिवारी १५ ला त्यांची तुकडी आहे. एक जागा ठेवतो म्हणाले. बुधवारपर्यंत नाव द्यायचं.

९ नोव्हें., रविवार

सकाळी दोनदा फोन केला, उचलला नाही. आईला विचारलं, ते रागावलेत का? "रागावलं न्हाईत गं. पोपटकडं गेल्तं. काय बोललं ठावं न्हाई. आल्यापासनं गाडीत बसल्यात, दार लावून, गाडी बंद." दिवा कसा आहे ते तिला सांगता आलं नाही. गाडी बंद होती.

आशा धरण्याएवढं हे नाही. नोंद करण्याएवढं आहे.

मेसेज चार वेळा लिहिला. पहिल्या तिन्हींत मी शिकवत होते. चौथा पाठवला. तो असा:

आण्णा,
येत्या शनिवारी शिरवळच्या ट्रॅकवर या. एकच जागा आहे, ती तुमच्यासाठी ठेवली आहे. तिथे मी तुम्ही शिकवल्याप्रमाणे ब्रेक मारला आणि गाडी वळली नाही. हे तुम्हाला घरी सांगितलं नव्हतं. तिथले सर तुमची पद्धत बघायला मागतात. एकाच ओल्या रस्त्यावर दोन्ही पद्धती करून बघायच्या. जे दिसेल ते वहिनीला तुम्हीच सांगा, मी मधे बोलणार नाही. सोमवारपासून ती एकटी जाणार आहे. शनिवारी पहाटेच्या एसटीने साताऱ्याला या, स्टँडवरून मी बरोबर येते.
येणार की नाही, एवढंच बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा.