शेवटच्या प्रूफावरची सही

मेलकावेरी, कुंभकोणम
१२ जून २०२३

ती. कामाक्षीअक्कास,
धाकट्या नरसिंहाचा सा. न. वि. वि.

तुझ्या कानांना फोन नकोसा झाल्यापासून आपलं पत्रांचं बरं चाललंय. बातमी मात्र वाईट आहे. परदेशी प्रकाशकाचं संगणकाचं पाठ्यपुस्तक आमच्या ऑफिसात प्रूफं तपासायला आलं होतं. सोबत नवे नियम. इंटरनेटचा ‘आय’ यापुढे लहान, ईमेलमधली जोडरेघ काढायची, वेबसाइट हा एकच शब्द. वीस वर्षं मी हाताखालच्या पोरांना नेमकं उलटं शिकवलं! पण तेही चाललं असतं. संगणकाला द्यायच्या आज्ञा तेवढ्या लहान अक्षरांत, बारीक टायपात, जशाच्या तशा ठेवायच्या होत्या. बावीस पानांवर त्यांची पहिली अक्षरं मोठी छापली गेली. अशा आज्ञा संगणक मानत नाही. विद्यार्थ्यांच्या तक्रारी आल्या, प्रकाशकानं काम काढून घेतलं.

शेवटच्या प्रूफावर सही आपल्या चुलतभावाच्या, अप्पारावच्या, लेकीची, कीर्तीची. तिला काढून टाकलं. हे काम मीच तिला शिकवलेलं. हल्लीच्या पोरांचं सगळं लक्ष फोनमध्ये. अप्पाराव साक्कोट्टैहून येऊन माझी माफी मागून गेला.

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहेच, ती राहू दे.
नरसिंह

कोइंबतूर
२० जून २०२३

चि. नरसिंहास अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मागची तीन काढून शेजारी ठेवली. दर पत्रात तुझं अक्षर मोठं होत गेलंय, ओळी एकमेकींवर चढतायत. या पाकिटावर पिनकोड दोनदा लिहिलायस. मी बहिरी झालेय रे, आंधळी नाही.

ते प्रूफ वाचलं कुणी, एवढंच मला कळव. कीर्तीनं वाचलं असेल तर तिची कानउघाडणी मी करीन. तिनं नसेल, तर पुढे काय करायचं ते तुला ठाऊक आहे. माझी भावजय सुब्बलक्ष्मी आज असती तर हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

जेवणाची हयगय करू नकोस. रागावले तरी तुझीच,
अक्का

मेलकावेरी
४ जुलै २०२३

चि. कीर्तीस काकाचे आशीर्वाद.

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. ते प्रूफ मी वाचलं होतं. दोन वर्षं झाली, डाव्या डोळ्याला मधलं अक्षर दिसत नाही, उजव्याला ओळ वाकडी दिसते. बारीक टायप मी अंदाजानं वाचत होतो. आज्ञा ओळीच्या सुरुवातीला होत्या. वाक्य समजून मी मोठ्या अक्षरांची खूण केली. मग पानं तुझ्यापुढे सरकवली आणि तू सही केलीस.

काल साहेबांना सगळं सांगितलं. उद्यापासून येऊ नका, म्हणाले. तुझ्या जागी दुसरी मुलगी आलीय. तिथून बसनं साक्कोट्टैला गेलो, अप्पारावला ओसरीवर उभ्यानंच सांगितलं. त्यानं बस म्हटलं नाही, कॉफीही विचारली नाही.

परत ये, असं कुठल्या तोंडानं म्हणू? जमलं तर दोन ओळी लिही.
नरसिंहकाका

चेन्नई
१५ जुलै २०२३

ती. काकांस कीर्तीचा नमस्कार.

तुम्हाला दिसत नाही हे मला केव्हाच कळलं होतं. वर्षभर तुम्ही घरी गेलात की तुमची पानं मी पुन्हा वाचायचे. बोलले नाही, तुम्हाला लाज वाटली असती. त्या आठवड्यात आई तापानं दवाखान्यात होती, म्हणून न वाचता सही केली. ती चूक माझीच.

पण साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही टेबलावरच्या पेन्सिली सारख्या करत होतात. ते मला विसरता येत नाही.

इथे कापडाच्या दुकानात लागलेय. प्रूफं आता वाचायची नाहीत.

बाबांना मी फोन केलाय. गुरुवारी सकाळच्या गाडीनं ते तुम्हाला मदुराईला डोळे दाखवायला नेतील. नको म्हणू नका. वाटेत ते बोलणार नाहीत, तुम्हीही बोलू नका. गाडीतून उतरताना मात्र ते हात पुढे करतील, तो धरा.

कीर्ती